गावचा जलकुंभ आणि तयार सळयांची जाळी

मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरासाठी नहर बांधविली, ती दगड, चुना व मातीच्या नळांची. तीत सळई नव्हती. त्यामुळे सळई गंजण्याचे भयही नव्हते. आजच्या जलकुंभाचे तसे नाही. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसत नाही. टाकी भरली म्हणजे पाणी भिंतीस बाहेर लोटते आणि आतील गोल सळया, लाकडी पिंपावरील लोखंडी कड्यांप्रमाणे, तिला आवळून धरतात.

2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनाखाली अनेक गावांत असे जलकुंभ बांधण्यात आले. या कामात सळया जागेवर न कापता कारखान्यात यंत्रावर कापून, वाकवून किंवा वेल्डिंगने जाळी करून आणता येतात. सळई सामान्यतः 12 मीटर लांबीची येते. जागेवर कापताना उरणारे तुकडे भंगारात जातात, ते वाचतात. रिंगा एकसारख्या येतात व जाळीतील अंतर सारखे राहते. प्रत्येक जुडीस बिल्ला असतो. त्यावरील क्रमांक, व्यास व नगसंख्या नकाशासोबतच्या कोष्टकाशी ताडून पाहावी. वजनानेही खात्री करता येते. मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गास 162 ने भागले असता एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते : 8 मिलिमीटरची सुमारे 395 ग्रॅम, 12 मिलिमीटरची सुमारे 888 ग्रॅम. थोडी तफावत मानकास मान्य आहे. वजन फार कमी भरल्यास अभियंत्यास कळवावे.

परंतु जाळी तयार आली म्हणजे काम निर्धास्त झाले, असा समज होतो, आणि घात तेथेच होतो. पैठण तालुक्यातील एका टाकीच्या गॅलरीखाली मी तांबूस रेघा व सुटलेले पापुद्रे पाहिले. सळया काँक्रीटच्या पृष्ठभागाला टेकून राहिल्या होत्या. ओल लागून सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. म्हणून सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण हवे. टाकीसाठी ते सामान्यतः 45 मिलिमीटर धरतात. नकाशात असेल तेच प्रमाण मानावे. त्यासाठी काँक्रीटचेच कव्हर ब्लॉक वापरावेत. विटेचे तुकडे किंवा खडी चालणार नाही.

गॅलरी भिंतीबाहेर झुकलेली असल्याने तिची मुख्य सळई वरच्या अंगास असावी लागते. मजूर जाळीवरून पाट्या घेऊन चालले की ती खाली दबते, आणि बाहेरून काही दिसत नाही. तेव्हा जाळीखाली सळईच्या खुर्च्या ठेवाव्यात व चालण्यास फळ्या टाकाव्यात.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सदस्यांनी काँक्रीट ओतण्यापूर्वी, अभियंत्यासमवेत, टेप लावून अंतर व आवरण मोजावे आणि टेपसह छायाचित्र घ्यावे. ओतल्यानंतर मोजण्यास काही उरत नाही. जाळी आणल्यावर ती मातीवर न टाकता ओंडक्यांवर रचून झाकावी. हलका तांबूस थर बाधक नसतो; पापुद्रे सुटत असतील तर तारेच्या ब्रशने घासून काढावेत.