फोर्कलिफ्ट चालकांचे सुरक्षा प्रशिक्षण : पनवेल परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर मे १९८९ मध्ये कार्यान्वित झाले आणि पनवेल व उरण तालुक्यांच्या अर्थजीवनाला वेगळे वळण मिळाले. भातशेती व मिठागरे यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात गोदामे, कंटेनर यार्ड आणि सीएफएस या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी कंटेनर फ्रेट स्टेशने उभी राहिली. बंदराकडून येणारा महामार्ग पळस्पे फाट्याजवळ इतर महामार्गांना मिळतो. आजिवली-सोमाटणे भागातील कंटेनर फ्रेट स्टेशने, तळोजा औद्योगिक वसाहत आणि कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार ही या परिसरातील मालवाहतुकीची प्रमुख केंद्रे होत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाल्याने तीत हवाई मालवाहतुकीची भर पडली आहे.

या सर्व ठिकाणी माल उचलणे, रचणे व कंटेनरमध्ये भरणे ही कामे मोठ्या प्रमाणावर फोर्कलिफ्टद्वारे होतात. पूर्वी हे ओझे माणसाच्या पाठीवर व डोक्यावर असे. त्या कष्टकऱ्यांना संरक्षण देण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा केला. यंत्राने पाठीवरचे ओझे कमी केले, परंतु धोका नाहीसा केला नाही. त्याचे स्वरूप बदलले. या बदललेल्या धोक्याचे शास्त्र, त्यासंबंधीची कायदेशीर चौकट आणि प्रशिक्षणाचे अपेक्षित स्वरूप यांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

वाहन की तराजू?

फोर्कलिफ्टला चाके, स्टिअरिंग व ब्रेक असल्याने ते एक वाहन आहे आणि ज्याला मोटार चालविता येते त्याला तेही चालविता येईल, असा समज सर्वत्र आढळतो. अनेक अपघातांचे मूळ या समजुतीत आहे. शास्त्रीय दृष्टीने फोर्कलिफ्ट हा चाकांवर ठेवलेला तराजू आहे. पुढील चाकांचा आस हा त्याचा टेकू, पुढे काट्यांवरील माल हा एक भार आणि मागील बाजूचे जड लोखंडी काउंटरवेट व यंत्राचे स्वतःचे वजन हा दुसरा भार. ही पहिल्या प्रकारची तरफ होय. पुढचे पारडे जड झाले की मागील चाके उचलली जातात, आणि दिशा मागील चाकांनीच वळत असल्याने चालकाचा यंत्रावरील ताबा त्याच क्षणी सुटतो.

तराजूत जेवढे महत्त्व वजनाला, तेवढेच टेकूपासूनच्या अंतराला असते. समजा, एका यंत्राची क्षमता ३ टन आहे. ही क्षमता मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या उभ्या भागापासून ५० सेंटिमीटरवर असताना लागू होते. पुढील आसापासून काट्यांच्या उभ्या भागापर्यंतचे अंतर ४८ सेंटिमीटर धरले, तर एकूण अंतर ९८ सेंटिमीटर होते. ३,००० किलोला ९८ ने गुणल्यास २,९४,००० हा आकडा मिळतो. आता १४० सेंटिमीटर खोलीची पेटी उचलावयाची असेल, तर तिचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर जातो व आसापासूनचे अंतर ११८ सेंटिमीटर होते. २,९४,००० ला ११८ ने भागल्यास सुमारे २,४९० किलो येतात. म्हणजे यंत्र तेच असूनही त्याची क्षमता सुमारे ५०० किलोंनी घटली. यंत्रावर बसविलेली क्षमतापट्टी नेमके हेच सांगते. परंतु ती वाचण्यास शिकविले नसेल, तर ती केवळ पत्र्याचा तुकडा ठरते.

यंत्र केवळ पुढे कलंडते असे नव्हे, ते बाजूलाही उलटते. पुढील दोन चाके आणि मागील आसाचा मध्यबिंदू यांना जोडल्यास एक त्रिकोण तयार होतो. यंत्र व माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे, तोवर यंत्र स्थिर असते. माल उंच उचलला की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि थोड्याशा झुकावानेही तो त्रिकोणाबाहेर जाऊ शकतो. वळणावरील वेगाचा परिणाम याहून गंभीर आहे. ताशी १० किलोमीटर वेगाने ३ मीटर त्रिज्येचे वळण घेतल्यास यंत्रावर पडणारा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाव भागाहून अधिक असतो. वेग दुप्पट झाल्यास हा जोर चौपट होतो. याच कारणास्तव रिकामे, परंतु काटे वर उचललेले यंत्र वेगात वळविणे हे भरलेले यंत्र सावकाश नेण्याहून धोक्याचे ठरू शकते.

परिसरातील विशिष्ट धोके :

यंत्राचे शास्त्र सर्वत्र एकच असले, तरी जागा वेगवेगळ्या असतात. वीस फुटी कंटेनरची आतील रुंदी सुमारे २.३५ मीटर व उंची सुमारे २.३९ मीटर असते. साधारण १.२ मीटर रुंदीचे यंत्र आत गेल्यास दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरहून थोडीच अधिक जागा उरते. त्या जागेत हमाल उभा असेल, तर त्याला सुटकेस वाव नसतो. मास्ट न वाढता काटे वर जाण्याची सोय, म्हणजेच फ्री लिफ्ट, यंत्रात नसेल तर मास्ट कंटेनरच्या छताला आदळतो. कंटेनर ट्रेलरवर असल्यास ट्रेलरच्या चाकांना अडण लावणे व चालकाने गाडी हलविणार नसल्याची खात्री करणे आवश्यक असते. अन्यथा यंत्र आत असतानाच ट्रेलर पुढे सरकण्याचा संभव असतो. बंदिस्त जागेत डिझेल इंजिनाच्या धुराचा प्रश्न निराळाच आहे.

कळंबोलीसारख्या बाजारात माल लांब सळ्या, पत्रे व गुंडाळ्यांचा असतो. सळ्यांची मोळी काट्यांवर झुलते, तर पत्र्याची गुंडाळी घरंगळते. सपाट पॅलेटवरील खोक्यांवर शिकलेल्या चालकाला हा माल सर्वस्वी अपरिचित असतो. पावसाळ्याचा विचारही वेगळा करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात यार्डातील चिखल चाकांबरोबर गोदामात येतो, फरशी निसरडी होते व ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर वाढते. उघड्या यार्डातून अंधाऱ्या शेडमध्ये शिरताना डोळे सरावण्यास काही क्षण लागतात. ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारे यंत्र एका सेकंदात सुमारे २.८ मीटर अंतर कापते, हे लक्षात घेतल्यास त्या क्षणांचे मोल समजते.

कायदेशीर चौकट :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेली विशेष प्रकारची वाहने वगळलेली आहेत. सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या यंत्राचा प्रश्न वेगळा असतो. परंतु आवारातच राहणाऱ्या फोर्कलिफ्टच्या चालकाची परीक्षा परिवहन कार्यालय घेत नाही. रस्त्यावरील वाहनचालकाची पात्रता शासनाचा अधिकारी तपासतो, तर आवारातील चालकाची पात्रता तपासण्याची जबाबदारी प्रत्यक्षात मालकावर येऊन पडते. तसेच परिवहन कार्यालयाचा परवाना असला, तरी त्यावरून माल हाताळण्याचे कौशल्य सिद्ध होत नाही.

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने कामगारांना प्रशिक्षण व देखरेख पुरविणे हे भोगवटादाराचे कर्तव्य ठरविले आणि सुरक्षेचे प्रशिक्षण मिळविणे हा कामगाराचा हक्क मानला. तथापि केवळ साठवणूक करणारे गोदाम सामान्यतः 'कारखाना' या व्याख्येत बसत नसे. गोदीतील कामासाठी १९८६ चा स्वतंत्र अधिनियम होता. दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि या अधिनियमांसह कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या अधिनियमाचीही जागा तिने घेतली. उद्योग, व्यापार वा व्यवसाय चालणारी व दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना या संहितेच्या कक्षेत येत असल्याने गोदामांचा प्रश्न पूर्वीपेक्षा स्पष्ट झाला आहे. नेमणूकपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरले, ही बाबही येथे महत्त्वाची आहे. कंत्राटदारामार्फत आज एका गोदामात व उद्या दुसऱ्या गोदामात पाठविल्या जाणाऱ्या चालकाच्या बाबतीत 'याला शिकविणार कोण?' हा प्रश्न 'याचा मालक कोण?' या प्रश्नातच अडकलेला असतो.

प्रशिक्षणाचे स्वरूप :

प्रमाणपत्र आणि प्रशिक्षण यांत फरक करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील औद्योगिक सुरक्षा प्रशासनाने १९९८ मध्ये जाहीर केलेल्या नियमात चालकाच्या प्रशिक्षणाचे तीन भाग सांगितले आहेत : वर्गातील औपचारिक शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि कामाच्या जागी मूल्यमापन. किमान दर तीन वर्षांनी पुन्हा मूल्यमापन करणे, तसेच अपघात झाल्यास, अपघात थोडक्यात टळल्यास, यंत्राचा प्रकार बदलल्यास किंवा जागेची स्थिती बदलल्यास फेरप्रशिक्षण देणे तेथे बंधनकारक आहे. भारतात लॉजिस्टिक्स क्षेत्र कौशल्य परिषदेसारख्या यंत्रणांमार्फत कौशल्याचे निकष ठरविले जातात. बेलापूर येथील राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि शीव येथील केंद्रीय श्रम संस्था या संस्था पनवेलपासून फार दूर नाहीत. अडचण संस्थांच्या अभावापेक्षा तिसऱ्या भागाकडे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी होणाऱ्या मूल्यमापनाकडे, होणाऱ्या दुर्लक्षाची आहे.

वर्गात वर दिलेल्या हिशेबासारखी उदाहरणे चालकाकडून सोडवून घ्यावीत. चालक मराठी किंवा हिंदी भाषक असताना सूचना इंग्रजीत देणे निरर्थक होय. सरावात काही सवयी अंगवळणी पडाव्यात : पाळीच्या आरंभी ब्रेक, टायर, साखळी, हॉर्न व तेलगळती तपासणे, काटे जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर व मास्ट मागे कललेला ठेवून चालविणे, माल दृष्टीआड येत असल्यास यंत्र मागे चालविणे, उतारावर भरलेला माल नेहमी चढाच्या बाजूस ठेवणे, काट्यांवर कोणालाही उभे न करणे, आणि यंत्र सोडताना काटे जमिनीवर टेकविणे. मागील चाके वळत असल्याने यंत्राची मागील बाजू बाहेर फेकली जाते, हे चालकाइतकेच आजूबाजूच्या हमालांनाही दाखवून द्यावे.

यंत्र उलटू लागल्यास काय करावे, हा प्रशिक्षणातील कळीचा भाग आहे. उडी मारावी, ही माणसाची उपजत प्रवृत्ती असते. परंतु उडी मारणारा बहुधा यंत्र ज्या बाजूस पडते त्याच बाजूस पडतो व वरच्या संरक्षक छताखाली सापडतो. सीटबेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि यंत्र पडत असलेल्या दिशेच्या विरुद्ध बाजूस झुकावे, हीच योग्य कृती होय. उपजत प्रवृत्तीच्या विरुद्ध असलेली ही कृती एकदा ऐकून लक्षात राहत नाही; ती वारंवार करवून घ्यावी लागते.

मात्र संपूर्ण भार चालकावर टाकणे न्याय्य नाही. पेटीचे वजन कागदपत्रांत असते, काट्यांसमोर नसते. टॅली क्लार्कने ते खडूने पेटीवर लिहिले, तरी चालकाचा अंदाज व प्रत्यक्ष यांतील अंतर मिटते. पायी चालणाऱ्यांची वाट रंगाने आखून वेगळी केल्यास आणि वळणावर आरसे लावल्यास चालकाच्या चुकीला प्राणांतिक होण्यापासून रोखता येते. कामाचा मोबदला भरलेल्या कंटेनरच्या संख्येवर ठरत असेल, तर वेग मर्यादित ठेवण्याचा उपदेश टिकणे कठीण असते. म्हणून सुपरवायझर व कंत्राटदार यांनाही प्रशिक्षणाच्या कक्षेत आणणे अगत्याचे आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

हा विषय केवळ उद्योगांचा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार आलेल्या अभ्यासक्रमरचनेत कार्यानुभव व आंतरवासिता यांना श्रेयांक आहेत. पनवेल परिसरातील वाणिज्य व व्यवस्थापन शाखांचे विद्यार्थी त्यासाठी गोदामांत व कंटेनर फ्रेट स्टेशनांत जाऊ शकतात. तेथे ते चालक नसतात, तर पायी चालणारे नवखे असतात. म्हणजेच धोक्याच्या दृष्टीने सर्वांत दुर्बल गटात मोडतात. विद्यार्थी पाठविण्यापूर्वी चालण्याची वाट, चमकदार जाकीट, सुरक्षा बूट व प्राथमिक सुरक्षा माहिती यांची लेखी खात्री करून घेणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य ठरते. भौतिकशास्त्र विभागास तरफेचा पाठ फोर्कलिफ्टच्या प्रतिकृतीने शिकविता येईल, मराठी व हिंदी विभागांना सुरक्षा सूचना कामगारांच्या भाषेत आणता येतील, तर समाजशास्त्र विभागास थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदींचा अभ्यास करता येईल.

समारोप :

फोर्कलिफ्ट हे वाहनाच्या रूपातील तराजू आहे, हे मान्य केले की प्रशिक्षणाची दिशा स्पष्ट होते. ते यंत्राच्या शास्त्रापासून सुरू व्हावे, त्या-त्या जागेवर पूर्ण व्हावे आणि चालकापुरते मर्यादित राहू नये. आवारातील चालकाची पात्रता तपासणारी बाहेरची यंत्रणा नसल्याने मालकाची जबाबदारी अधिक मोठी आहे. पनवेल परिसरातील भूमिपुत्रांनी जमिनी दिल्यानंतर त्यांच्या पुढील पिढीस आणि परप्रांतांतून आलेल्या कामगारांस या यंत्रांवर रोजगार मिळत आहे. तो रोजगार सुरक्षित असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि ती पूर्ण करण्यास लागणारे ज्ञान आज हाताशी उपलब्ध आहे.