दि. बा. आणि साडेबारा टक्के

उलव्यात घर पाहायला गेलेल्या माणसाच्या कानावर एक वाक्य हमखास पडते : ‘हा प्लॉट साडेबारा टक्क्यांचा आहे.’ हा आकडा कुठून आला, हे समजून घ्यायचे तर शेजारच्या जासई गावाकडे वळावे लागते. दिनकर बाळू पाटील, अर्थात सर्वांचे दि. बा., तिथे १३ जानेवारी १९२६ रोजी जन्मले.

वकिलीचे शिक्षण, शेतकरी कामगार पक्ष, १९५७ पासून पनवेलची पाच वेळा आमदारकी, १९७७ आणि १९८४ मध्ये कुलाब्याची खासदारकी, विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद. अशी कारकीर्द इतरांचीही सापडेल. दि. बा. लोकांच्या मनात राहिले ते जमिनीच्या भांडणामुळे.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. खरी मेख कायद्यात होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार भाव ठरायचा तो अधिसूचनेच्या दिवशीचा, म्हणजे भाताच्या खाचराचा. उद्या तिथे शहर उभे राहील, जमिनीला सोन्याचे मोल येईल, त्यात मूळ मालकाचा वाटा शून्य! सुरुवातीला भांडण भाव वाढवून मिळावा म्हणून होते. पुढे त्याला निराळे वळण लागले. पैसे खर्चून जातात. तेव्हा आमच्याच जमिनीतला विकसित हिस्सा आम्हाला परत द्या, अशी मागणी झाली. माझ्या मते दि. बां.चे मोठेपण या बदललेल्या मागणीत आहे.

तिची किंमत मात्र रक्ताने मोजावी लागली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मरण पावले. १९९० मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा निर्णय झाला.

हिशेब साधा आहे. एकराचे गुंठे ४०. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून रस्ते व सामाजिक सोयींसाठी ३० टक्के वजा. हाती उरतात साडेतीन गुंठे. चार भावांत वाटले तर एकेकाला गुंठाही येत नाही. मग बिल्डर येतो, करार होतो आणि टॉवर उभा राहतो. शिवाय हा वाटा सातबाऱ्यावर मोजला गेला. ज्याची जमीन तोकडी, त्याचा भूखंडही तोकडा.

उतारवयात दि. बा. शेकाप सोडून शिवसेनेत गेले. अनेक जुन्या सोबत्यांना ते रुचले नसणार. २४ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा आगरी-कोळी गावांनी मानवी साखळी धरली, बेलापूरला सिडकोवर मोर्चा नेला. २०२२ मध्ये विधिमंडळाने दि. बां.च्या नावाचा ठराव केला. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला, जुनी गावे उठली. त्या शेतकऱ्यांना रोख मोबदल्याऐवजी विकसित जमीनच देऊ केली गेली, या वेळी साडेबावीस टक्के.