वजन, संवय आणि धीर

लग्नसराई जवळ आली, किंवा विम्याच्या तपासणीच्या वेळीं डॉक्टरांनीं कपाळाला आठी घातली, म्हणजे आपल्याकडील पुष्कळ गृहस्थांना स्वतःच्या वजनाची एकाएकीं आठवण होते. दुसऱ्या दिवसापासून भात बंद, तूप बंद, साखर बंद असा हुकूम सुटतो. रात्रीच्या जेवणाऐवजीं नुसतें ताक घेतलें जातें. दीड महिन्यांत वजनाचा कांटा चार-पांच किलोंनीं खालीं येतो, शेजारीपाजारी कौतुक करतात, आणि जुने सदरे पुन्हां अंगांत शिरूं लागल्याचा आनंद कांहीं दिवस टिकतो. पुढें दिवाळी येते, पाहुणे येतात, कचेरींत कामाची गर्दी होते. आणि वर्ष संपावयाच्या आंत गेलेलें वजन परत येतें, कधीं कधीं थोडें व्याजहि घेऊन येतें. मग तो गृहस्थ खिन्न होऊन म्हणतो, “माझ्या ठिकाणीं मनोनिग्रहच नाहीं.”

श्रोतेहो, आजच्या भाषणांत मला मुख्यतः एवढेंच सांगावयाचें आहे कीं, हा दोष त्याच्या मनोनिग्रहाचा नसून त्यानें धरलेल्या मार्गाचा आहे. जो क्रम आपण दीड महिन्यानंतर सोडून देणारच आहों, त्याचें फळहि त्या क्रमाबरोबरच हातचें सुटणार. म्हणून आहाराचा किंवा व्यायामाचा कोणताहि नियम घेण्यापूर्वीं स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा नियम मी आणखी दहा वर्षांनीं पाळीत असेन काय ?

उपासानें उतरविलेलें वजन परत कां येतें, याचें उत्तर शरीराच्या स्वभावांत आहे. अन्न एकाएकीं तुटलें कीं शरीर त्याला दुष्काळ समजतें, आणि काटकसरी गृहिणीप्रमाणें खर्चाला आळा घालतें. दुसरें महायुद्ध चालू असतांना, १९४४–४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. या तरुणांनीं आपण होऊन त्याला मान्यता दिली होती. चोवीस आठवडे त्यांना रोज सुमारें १,५७० उष्मांकांचा आहार देण्यांत आला. त्यांचें वजन जवळजवळ चतुर्थांशानें घटलें. परंतु त्याबरोबरच त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले, अंगांत थंडी भरूं लागली, स्वभाव चिडखोर झाला, आणि त्यांच्या मनांत रात्रंदिवस अन्नावांचून दुसरा विचार येईना. कित्येक तर पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसत. प्रयोग संपल्यावर मोकळीक मिळतांच त्यांनीं भरमसाट खाल्लें, आणि कांहीं काळ त्यांच्या अंगावर पूर्वींपेक्षांहि अधिक चरबी चढली. हे सर्व तरुण निश्चयी होते. तेव्हां जी गोष्ट त्यांना साधली नाहीं, ती साधली नाहीं म्हणून एखाद्या संसारी माणसानें स्वतःला दूषण देण्याचें कारण नाहीं.

अलीकडे सेमाग्लुटाईडसारखीं इंजेक्शनें निघालीं आहेत, आणि त्यांनीं भूक कमी होऊन वजन खरोखरच पुष्कळ उतरतें. ज्यांना डॉक्टर तीं देतात त्यांनीं तीं अवश्य घ्यावीं. परंतु २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, औषध व त्यासोबतचें मार्गदर्शन थांबविल्यावर एका वर्षांत उतरलेल्या वजनापैकीं सुमारें दोन-तृतीयांश वजन परत आलें. म्हणजे उपास असो वा औषध असो, सोडल्यानंतर काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आतां वजन चढतें कसें तें पाहूं. एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्मांक सांठविलेले असतात. एखाद्याचें वजन वर्षाला एक किलो वाढत असेल, तर ७,७०० ला ३६५ नीं भागल्यास दिवसाचे केवळ एकवीस उष्मांक येतात. म्हणजे अर्धा लहान चमचा तेल. शरीराचा व्यवहार इतका सरळ नसतो, वाढत्या देहाचा खर्चहि वाढत जातो. तरी हिशेबाचें तात्पर्य खरें आहे. पंचविसाव्या वर्षीं सडपातळ असलेला तरुण पंचेचाळिसाव्या वर्षीं स्थूल होतो, तो मेजवान्यांमुळें नव्हे. रोजच्या, कोणाच्या लक्षांतहि न येणाऱ्या लहान शिलकेमुळें. जें इतक्या सावकाश आलें, तें सावकाशच परत पाठविलें पाहिजे.

आपल्या लोकांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आपल्या दोघांचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि सारखाच, म्हणजे २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरांत शेंकडा ९.१ चरबी निघाली, आणि याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२ ! वरून सडपातळ व आंतून मेदयुक्त अशी आपली ठेवण आहे, आणि ती मधुमेहाला आमंत्रण देणारी आहे. म्हणूनच भारतीयांसाठीं हा अंक २३ च्या वर गेल्यास वजन अधिक व २५ च्या वर गेल्यास स्थूलता, असें २००९ सालीं आपल्या तज्ज्ञांनीं ठरविलें. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें कीं हा अंक मिळतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला पहिली मर्यादा सुमारें ६३ किलोंवर व दुसरी ६८ किलोंवर लागते. भागाकाराचा कंटाळा असल्यास शिंप्याची फीत घ्यावी. श्वास सहज सोडून, पोट आंत न ओढतां, शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मध्यावर घेर मोजावा. पुरुषाचा ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आंत असावा.

आतां कोणी विचारील, सावकाश चालावयाचें तर फळ कितीसें मिळणार ? या प्रश्नाचें उत्तर तीन देशांनीं दिलें आहे. फिनलंडमध्यें, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेल्या ५२२ स्थूल मध्यमवयीन माणसांवर केलेला प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं निम्म्या लोकांना आहार व व्यायाम यांविषयीं वारंवार व्यक्तिशः मार्गदर्शन देण्यांत आलें. पहिल्या वर्षीं त्यांचें वजन सरासरीनें अवघें ४.२ किलो उतरलें. हा आंकडा ऐकून आपले लग्नसराईचे वीर हंसतील. परंतु इतर लोकांच्या मानानें त्यांच्यांत मधुमेहाचें प्रमाण शेंकडा ५८ नीं कमी झालें. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत ३,२३४ माणसांवर केलेल्या प्रयोगांतहि नेमका तोच ५८ चा आंकडा आला; मेटफॉर्मिन या औषधानें मात्र ही घट शेंकडा ३१ च झाली. तेथें मागणी तरी काय होती ? शरीराच्या वजनांत शेंकडा ७ घट, आणि आठवड्यांतून दीडशें मिनिटें झपझप चालण्यासारखा व्यायाम. ऐंशी किलोंच्या माणसानें साडेपांच किलो उतरवावयाचे, एवढेंच.

तिसरा प्रयोग आपल्याच देशांतला, चेन्नईचा आहे, आणि मला तो सर्वांत बोधप्रद वाटतो. डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं ५३१ माणसांवर केलेला हा अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध झाला. आहार व चालणें बदललेल्या गटांत मधुमेहाचें प्रमाण शेंकडा २८.५ नीं घटलें. आणि नवल हें कीं, त्या लोकांचें वजन म्हणण्यासारखें उतरलेंच नव्हतें! याचा अर्थ असा कीं, कांटा हलला नाहीं म्हणून श्रम फुकट गेले असें मुळींच समजूं नये. कांट्याला न दिसणारा फायदा रक्ताला व स्नायूंना कळत असतो.

हालचालीचें महत्त्व दाखविणारी एक गोष्ट लंडनच्या दुमजली बसगाड्यांची आहे. १९५३ सालीं जेरी मॉरिस या डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं, दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां, तिकिटें देण्यासाठीं सतत जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. मॉरिस मोठे चिकित्सक होते. पुढें त्यांनीं गणवेशांचीं मापें तपासलीं, तेव्हां ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर अधिक असल्याचें दिसून आलें. तेव्हां सर्व श्रेय एकट्या जिन्याला देतां येणार नाहीं. परंतु नंतरच्या अनेक अभ्यासांनीं हालचालीच्या बाजूनेंच कौल दिला आहे. आपल्या घरांतून जातें गेलें, रहाट गेला, पाटा-वरवंटा गेला. उद्वाहकानें जिनाहि गेला. हे कष्ट परत आणावे असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्यांच्याबरोबर जी हालचाल गेली, तिची भरपाई हेतुपुरस्सर केली पाहिजे. रोज अर्धा तास, बोलतां येईल पण गातां येणार नाहीं इतक्या वेगानें चालावें. जवळचें सामान पायीं जाऊन आणावें. दोन मजले तरी जिन्यानें चढावे. शिवाय आठवड्यांतून दोन-तीन दिवस बैठका, जोर किंवा सूर्यनमस्कार घालावे. कारण वजन उतरतांना चरबीबरोबर स्नायूहि झिजतात, आणि स्नायूंना काम दिलें तरच ते टिकतात. औंधच्या राजेसाहेबांनीं, भवानराव पंतप्रतिनिधींनीं, ज्या सूर्यनमस्काराचा हिरिरीनें प्रसार केला, त्याला ना उपकरण लागतें, ना मोठी जागा. एक सतरंजी पुरे.

मात्र नुसत्या चालण्यावर भिस्त ठेवूं नये. अर्ध्या तासाच्या चालण्यानें शंभर-सव्वाशें उष्मांक खर्च होतात. परततांना खाल्लेला एक बटाटेवडा तेवढे किंवा अधिकच परत देतो. म्हणून ताटाकडे वळावें लागतें. आपलें जुनें ताट वाईट नाहीं. त्यांतील प्रमाणें बिघडलीं आहेत. कोशिंबीर चमच्याएवढी उरली आणि भात ढिगाएवढा झाला. ती वाटणी उलट करावी. अर्धें ताट भाजी व कोशिंबीर यांनीं भरावें, पाव भागांत वरण, उसळ, दही, अंडीं किंवा मासे असावे, आणि उरलेल्या पाव भागांत भाकरी, पोळी किंवा भात. प्रथिनें पोटांत गेलीं कीं भूक लवकर लागत नाहीं. तेल बुधलींतून अंदाजानें न ओततां महिन्याचें मोजून काढावें. दिवसांतून चार कप चहा, प्रत्येकांत दोन चमचे साखर, म्हणजे १६० उष्मांक. साखर निम्मी केली तर ऐंशी वांचले, आणि पंधरा दिवसांत जीभ त्याला सरावते. उपवासाच्या दिवशींच्या साबुदाण्याच्या खिचडीविषयीं तर बोलावयासच नको. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनीं केली आहे. सणाचें पक्वान्न मात्र खुशाल खावें. पुरणपोळी सणाला आहे तोंपर्यंत भीति नाहीं, ती दर रविवारीं होऊं लागली म्हणजे विचार करावा.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. हा बदल एकट्या माणसाचा होऊं शकत नाहीं. तो घराचा असावा लागतो. वडिलांसाठीं वेगळी फिकी भाजी आणि मुलांसाठीं तळलेले पदार्थ, अशी व्यवस्था महिनाभरहि टिकत नाहीं, आणि तिचा भार स्वयंपाक करणाऱ्या बाईवर पडतो. तिच्या स्वतःच्या प्रकृतीकडे तर कोणाचेंच लक्ष नसतें. अजूनहि कित्येक घरांत ती सर्वांच्या मागून जेवते, आणि उरलेलें वाया जाऊं नये म्हणून पोटांत घालते. तिला सायंकाळचा अर्धा तास फिरावयास मोकळा मिळेल अशी वांटणी घरांतील पुरुषांनीं व मुलांनीं करून दिली, तर तें कोणत्याहि औषधाइतकेंच मोलाचें होईल.

आरंभ कसा करावा ? सर्व बदल एकदम करूं नयेत. एक संवय निवडावी आणि ती ठराविक वेळेला किंवा प्रसंगाला बांधावी. उदाहरणार्थ, रात्रीचें जेवण झालें कीं दहा मिनिटें शतपावली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका अभ्यासांत असें दिसलें कीं, नवी संवय अंगवळणी पडावयास साधारणतः ६६ दिवस लागतात; कोणाला १८ पुरतात, तर कोणाला २५४ हि लागूं शकतात. त्याच अभ्यासांतील धीर देणारी गोष्ट अशी कीं, एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडत नाहीं. तेव्हां लग्नांत चार जिलब्या अधिक खाल्ल्या म्हणून सगळा क्रम टाकून देऊं नये; दुसऱ्या दिवशीं सकाळीं नेहमींप्रमाणें चालावयास निघावें. वजन आठवड्यांतून एकदां, त्याच वारीं व त्याच वेळीं करावें, आणि वर्षभराचा कल पाहावा. महिन्याला अर्धा-एक किलो उतरलें तरी समाधान मानावें. ज्यांना मधुमेहाचीं औषधें चालू आहेत, हृदयविकार आहे, किंवा ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांनीं आपल्या डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावें. प्रयत्न नसतांना वजन भराभर वाढलें किंवा घटलें, तरीहि त्यांच्याकडे जावें.

शेवटीं, हें सर्व कशासाठीं, याचा विसर पडूं नये. सदरा सैल होणें हा त्यांतला किरकोळ लाभ आहे. सत्तराव्या वर्षीं कोणाचा हात न धरतां जिना चढतां यावा, डोळे व पाय शाबूत असावे, आणि नातवंडांबरोबर बागेपर्यंत जाऊन येतां यावें, यासाठीं ही खटपट आहे. ज्याला तें हवें आहे त्यानें उद्यां भात बंद करूं नये. उद्यां जेवणानंतर दहा मिनिटें चालून यावें, आणि परवांहि यावें.