ट्रेडरला मानसिक कोच हवा का?

बँक निफ्टीचा ऑप्शन 200 रुपयांना घेतला, स्टॉपलॉस 180ला लावला. भाव 183वर आला की हात आपोआप स्टॉपलॉस 160वर सरकवतो. तोही तुटायला आला की अ‍ॅव्हरेज करायची बुद्धी होते. तोटा कबूल करणं जिवावर येतं, नफा मात्र घाईघाईने खिशात जातो. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी 1985मध्ये या खोडीवर लिहिलं. पुढे टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची 10,000 खाती तपासली, तेव्हा ती तिथेही आढळली.

अशा ठिकाणी कोच कामाला येतो. मनोविकारतज्ज्ञ आरी कीव्ह यांनी एसएसी कॅपिटल या हेज फंडातल्या ट्रेडरांबरोबर काम केलं. पण तिथे भांडवल, पद्धत, जोखमीवर लक्ष ठेवणारी माणसं आधीच होती.

आपल्याकडे सेबीच्या 2024च्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला. या सगळ्यांचं मनच कच्चं होतं म्हणायचं? पद्धतीतच दम नसेल तर शांत चित्ताने ट्रेड केले तरी दलाली नि कर कापून पैसे जाणारच. फार तर सावकाश.

म्हणून फी भरण्याआधी जुने ट्रेड काढून बसावं. नियम पाळलेले वेगळे, मोडलेले वेगळे. पाळलेल्यांत नफा दिसला तरच कोच गाठावा. तो टिप्स देऊ लागला तर सेबीची नोंदणी विचारावी. आणि कर्ज काढून, घरच्यांपासून लपवून ट्रेडिंग चालू असेल तर कोच नको, थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जावं.