घरातलं भांडण आणि चीनमधले तरुण

१९९५ ते १९९९ या काळात चीनमध्ये १५ ते ३४ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण आत्महत्या हे होतं. संशोधक मायकेल फिलिप्स यांच्या चमूने सर्व वयांच्या ५१९ आत्महत्यांचा घरच्यांशी, ओळखीच्यांशी बोलून मागोवा घेतला. धोका वाढवणाऱ्या आठ गोष्टी हाती लागल्या. नैराश्य, आधीचा प्रयत्न हे अपेक्षितच. पण मृत्यूआधीच्या दोन दिवसांतलं कडाक्याचं भांडण आणि रक्ताच्या नात्यात पूर्वी घडलेली आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, हेही त्यात होतं. पुढे चीनमधल्या आत्महत्यांचं प्रमाण झपाट्याने घसरलं. खेड्यातल्या तरुणी कामासाठी शहरात गेल्या, सासरच्या कटकटीपासून सुटल्या, हेही त्याचं एक कारण मानलं जातं.

मन फार खचलं असेल तर भारतातली ‘टेली मानस’ हेल्पलाइन: १४४१६, विनामूल्य, चोवीस तास.