हीट पंप आणायच्या आधी मीटरशेजारची पेटी उघडा

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी बरंचसं तसंच आहे.

मागच्या भागात मी म्हणालो होतो की आमच्या नाशिकच्या रो-हाऊसवर हीट पंप वॉटर हीटर बसवतोय. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: ‘हीट पंपला लाईट किती लागते? घरची वायरिंग झेपेल का?’ मलाही आधी तेवढाच प्रश्न होता. उत्तर शोधायला गेलो आणि भलतंच काहीतरी सापडलं.

आधी हीट पंप म्हणजे काय ते पटकन. तुमचा फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना? हीट पंप तेच करतो, फक्त उष्णता बाहेरच्या हवेतून घेतो आणि पाण्यात टाकतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसर फिरवायला, त्यामुळे एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांएवढी उष्णता मिळते. हिशोब करून बघा. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला सुमारे 7 युनिट उष्णता लागते. साधा गिझर त्यासाठी 7 युनिट वीज खातो, हीट पंप सव्वादोन-अडीच. पण तो सावकाश तापवतो, तीन-साडेतीन तास घेतो. म्हणून दुपारी हवा गरम असताना चालवायचा आणि पाणी टाकीत साठवून ठेवायचं.

आता गंमत बघा. आमच्याकडे 2 किलोवॅटचे तीन गिझर होते. सकाळी सहा-सातला तिन्ही चालू, म्हणजे 6 किलोवॅट. 230 व्होल्टनी भागलं की 26 अँपिअर. त्यांच्या जागी येणारा हीट पंप घेणार 800 वॅट. मग लोड कमीच होतोय की! मी बाबांना म्हटलं, वायरिंगला हात लावायची गरजच नाही.

दुकानातल्या माणसाने मात्र विचारलं, ‘आत बॅकअप हीटर आहे, तो धरलात का?’ नव्हता धरला. थंडीच्या दिवसांत किंवा पाणी लवकर हवं असेल तर आतली 2 किलोवॅटची कॉईल चालू होते. म्हणजे 2.8 किलोवॅट, 12 अँपिअर. शिवाय उन्हाळ्याआधी दोन एसी घ्यायचे होते. ‘एकदा डीबी बघून घ्या,’ तो म्हणाला. डीबी म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, एमसीबीची पेटी.

आमचं घर 1991 चं. लायसनवाले इलेक्ट्रिशियन काका आले, पेटीचं झाकण काढलं आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, ‘गिझरच्या लाईनला 32 चा एमसीबी कोणी टाकला?’

बाबा म्हणाले, ‘मीच टाकायला सांगितला. 16 चा सारखा ट्रिप व्हायचा.’

हे जरा सावकाश सांगतो, कारण बऱ्याच घरांत हेच झालेलं असतं. एमसीबी तुमच्या गिझरला वाचवायला नसतो, तो भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. आमच्या भिंतीत दीड एमएमची वायर होती आणि तिच्यावरच दोन गिझर जोडलेले. ती 13-14 अँपिअर आरामात नेते. दोन्ही गिझर एकदम लागले की 17 च्या वर जायचे, आणि 16 चा एमसीबी काही वेळाने पडायचा. म्हणजे तो बिचारा आपलं काम चोख करत होता! 32 चा टाकल्यावर तो गप्प बसला आणि वायर तापायला लागली. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, हे लक्षात ठेवा. काकांनी सॉकेट उघडून दाखवलं. मागचं प्लास्टिक तपकिरी झालेलं, वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं. बोट लावलं तर तुकडा हातात आला. बाबा तो तुकडा बराच वेळ बघत राहिले.

आणि हे त्या दिवसाचं छोटं प्रकरण होतं.

पेटीत आरसीसीबी नव्हता. आरसीसीबी काय करतो? फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत येतोय का, हे तो सतत मोजतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो, की क्षणात लाईन तोडतो. ओव्हरलोडशी त्याचा संबंध नाही. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात.

काकांनी तो बसवला, मेन चालू केला, खालच्या बाथरूमचा गिझर लावला आणि खट्ट! पडला. परत लावला, परत पडला. इथे बरेच जण ‘पीस खराब आहे’ म्हणतात आणि काढून टाकतात. काकांनी मात्र गिझरचं सॉकेट खोललं. अर्थिंगच्या पिनला जमिनीतून आलेली वायर नव्हतीच. कोणीतरी कधीतरी तिथेच एक छोटा तुकडा लावून अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिली होती. टेस्टरने बघाल तर सगळं ठीक वाटतं, गिझरही चालतो. पण न्यूट्रलचा मागचा जोड सैल झाला की गिझरच्या पत्र्यावर आणि नळावर व्होल्टेज येतं. आणि जोड पूर्ण सुटला तर नळावर थेट 230 व्होल्ट.

आमचा जोड सैल होता.

आजी दोन वर्षं सांगत होती की खालच्या बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. आजी 81 वर्षांची. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं, बी-12 च्या गोळ्या चालू केल्या. बाथरूममध्ये मात्र आमच्यापैकी कोणी बघितलं नाही.

पुढचं काम आठ दिवस चाललं. जमिनीत नवीन अर्थिंग, प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी वायर. जुनी पेटी काढून मोठी, प्रत्येक मोठ्या उपकरणाला वेगळी लाईन आणि वेगळा एमसीबी. एसी आणि हीट पंपला चार एमएमची वायर. हीट पंपचा एमसीबी 16 चा, पण सी टाईप, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर करंट उसळतो आणि बी टाईप उगाच पडू शकतो. एक खास आपल्याकडची भानगड: इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळला असेल तर आरसीसीबी पडत राहतो. आमचाही पडला, तो वेगळा करण्यात अख्खी दुपार गेली. खर्चाचं म्हणाल तर पेटीपेक्षा भिंती फोडणं आणि प्लास्टर महागात पडलं.

दुसरीकडे महावितरणचं काम. बिलावर ‘मंजूर भार’ अशी ओळ असते, आत्ता बघा. आमच्या बिलावर 2 किलोवॅट होता आणि आम्ही सकाळी सहाला 6 वापरत होतो! दोन एसी, हीट पंप, मायक्रोवेव्ह, पाण्याची मोटर, दिवे-पंखे सगळं मिळून 9 च्या आसपास गेलं. सगळं एकदम चालत नाही आणि हीट पंप टायमरवर आहे, म्हणून 7 चा अर्ज केला. त्याला लायसनवाल्याचा टेस्ट रिपोर्ट जोडला.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीला आहे. त्याच्याकडे हीट पंप म्हणजे अख्खं घर गरम करायचं यंत्र. त्याच्या बॅकअप कॉईलच 10 किलोवॅटच्या, 240 व्होल्टवर जवळजवळ 42 अँपिअर. त्याचं जुनं पॅनल 100 अँपिअरचं, त्यामुळे 200 चं करायचं का हा त्याच्यासाठी खरा प्रश्न आहे. आपल्याकडे आकडे लहान असतात, भिंतीआड काय आहे ते जास्त नडतं.

स्वतः पेटी उघडून आत हात घालू नका, प्लीज. बाहेरून एमसीबीवरचा आकडा वाचता येतो, तेवढं करा. आरसीसीबी असेल तर त्यावरचं टी लिहिलेलं बटण दाबून बघा, लाईट गेली पाहिजे. बाकीचं लायसनवाल्याला बोलावून, आणि अर्थिंग मीटरने मोजून घ्या. ‘आहे साहेब’ यावर विश्वास ठेवू नका.

हीट पंप गेल्या महिन्यात लागला. पहिल्या दिवशी आजी आंघोळ करून आली, तेव्हा बाबांनी तिला विचारलं, ‘नळाला काही जाणवलं?’ नाही म्हणाली. संध्याकाळी तिच्या डब्यातल्या बी-12 च्या गोळ्या घेऊन बाबा डॉक्टरांकडे गेले, आता चालू ठेवायच्या का ते विचारायला.