चुंबक, पाणी आणि ऑक्सिजन : कारण कशाला म्हणायचं?

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातला अन्वय-व्यतिरेक पाहिला. एक गोष्ट असताना दुसरी असते आणि ती नसताना नसते, तेव्हाच पहिलीला कारण म्हणायचं. आज हीच कसोटी प्रयोगशाळेत लावून पाहू.

पाण्यातून वीज सोडली की एका टोकाला हायड्रोजन निघतो, दुसऱ्याला ऑक्सिजन. हिशेबाने १.२३ व्होल्ट पुरेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, आणि त्याचं मोठं कारण ऑक्सिजनची बाजू. वरची ऊर्जा वाया जाते, हायड्रोजन महाग पडतो.

आता गोम बघा. पाण्यात सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात, एकाचा स्पिन वर, दुसऱ्याचा खाली. ऑक्सिजनच्या रेणूत मात्र दोन इलेक्ट्रॉन सुटे, आणि दोघांचा स्पिन एकाच दिशेला. (द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो तो यामुळेच.) म्हणजे उत्प्रेरकाने इलेक्ट्रॉन नुसते काढून भागत नाही, निवडून काढावे लागतात. चुंबकीय पदार्थात स्पिन आधीच रांगेत असतात. तो ही निवड सोपी करील, अशी कल्पना. २०१९मध्ये स्पेनच्या तारागोना इथल्या संशोधकांनी निकेल-जस्त-लोहाच्या ऑक्साइडजवळ साधा कायमचुंबक आणला, तर प्रवाह दुपटीहून जास्त झाला.

मग द्विमितीय पदार्थ कशाला? क्रिया पृष्ठभागावर घडते, आणि काही अणूंएवढ्या पातळ थरात जवळजवळ सगळा पदार्थ पृष्ठभागच असतो. अडचण अशी की पातळ थरात चुंबकत्व टिकवणं कठीण. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकेरी थर २०१७मध्ये चुंबकीय आढळला, पण उणे २२८ अंश सेल्सिअसच्या खाली. तिथे पाणी कुठलं, बर्फच! लोह-जर्मेनियम-टेल्युरियमची काही संयुगं खोलीच्या तापमानाजवळ चुंबकीय राहतात, म्हणून आशा त्यांच्याकडे. पण तीही वापरात वरून गंजू शकतात. मग काम मूळ थर करतो की गंज, हेही पाहावं लागतं.

आता आपली कसोटी. चुंबक जवळ आणला, प्रवाह वाढला, हा झाला अन्वय. पण चुंबकामुळे द्रावही ढवळला जातो, बुडबुडे लवकर सुटतात. म्हणून व्यतिरेक हवा : तोच चुंबक अचुंबकीय उत्प्रेरकाजवळ धरायचा. तिथेही तेवढीच वाढ दिसली, तर श्रेय स्पिनला देता येणार नाही. नाही दिसली, तर स्पिनची बाजू बळकट होते. कोट्यवधींचे कारखाने उभारण्याआधी ही तपासणी आपण मागितलीच पाहिजे.